टीपॉयची कड

“ठेवा तुमचा फोन,” सर म्हणाले, आणि तिने तो टीपॉयच्या काचेवर ठेवला.

पत्त्यांचा डाव मांडावा तसे काचेखाली फोटो पसरले. भाचीचा वाढदिवस, गॅलरीत झोपलेलं शेजाऱ्यांचं मांजर, भावाच्या चष्म्याची नवी फ्रेम. आणि कोपऱ्यात तो फोटो. निरोप, पत्ता, सगळं पुसलं होतं तिने फोनमधून. हा एक कसा राहिला?

त्याचं असं झालं होतं. मागच्या मंगळवारी तिने मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन सांगून रजा घेतली होती. मावशीचे डोळे ठणठणीत. सुईत दोरा अजून पहिल्या फटक्यात ओवते. ही गेली होती नोकरीच्या मुलाखतीला, आणि तीही कुठे, तर यांच्या कंपनीशी जिचं उभं वैर त्या कंपनीत. त्यांनी अर्धा तास बाहेर बसवून ठेवलं. समोर एक टीपॉय होता, वर निळी फुलदाणी. त्याची कड इतकी सुरेख होती की तिला राहवेना. दोन वर्षं टीपॉयशिवाय दुसरं काही डोक्यात नसलेली बाई ती, हात आपोआप पर्समधल्या फोनकडे गेला आणि फोटो काढून झाला.

तिकडचं उत्तर यायला अजून चार दिवस होते. आणि इकडे सरांचा नियम सगळ्यांना पाठ होता: ज्याचं मन इथे नाही, त्याचं टेबल इथे नको. दुसरीकडे अर्ज केला म्हणून एका जुन्या माणसाचं टेबल त्यांनी जेवणाच्या सुट्टीआधी रिकामं करायला लावलं होतं. तिचंही तसंच झालं तर? नवी नोकरी हातात नाही, जुनी गेलेली, आणि खपून खपून बनवलेला हा टचस्क्रीनचा टीपॉय दुसऱ्या कुणाच्या नावावर. तेलही गेलं, तूपही गेलं, अशातली गत.

सरांना त्यांच्या पाठीमागे सगळे ‘मोजपट्टी’ म्हणत. खिशात कायम पिवळी टेप. लग्नाला गेले तरी खुर्चीची उंची मोजून येतात, अशी त्यांची ख्याती. माणूस काटक. गेल्या बुधवारी दाढ काढायला म्हणून अर्धा दिवस गेले आणि गुरुवारी चहाबरोबर कडक बिस्किटं कडाकडा चावत होते.

या टीपॉयमधल्या दोन गोष्टी त्यांच्याच हट्टाच्या. एक म्हणजे, बटण नको. माणूस सवयीने टीपॉयवर फोन टाकतो, तेवढंच पुरे, फोटो आपले आपण दिसले पाहिजेत. दुसरी म्हणजे, एकाच जागेचे फोटो, मग ते कुणाच्याही फोनमधले असोत, सरकत एकमेकांशेजारी आले पाहिजेत. “सहलीला दहा जण जातात आणि फोटो राहतात दहा फोनांत,” ते म्हणायचे. ते जमवताना तिच्या नाकी नऊ आले होते, पण जमलं होतं.

राहिली होती फक्त कड. कप कलंडला की कॉफी काचेच्या फटीत जायची. आणि उद्या सकाळी गिऱ्हाईक बघायला येणार होतं.

“हा टीपॉय कुठला?” सरांनी दोन बोटांनी तोच फोटो मोठा केला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही, तिला वाटलं, यांनी बरोबर तोच उचलला.

“डोळ्यांच्या दवाखान्यातला, सर.”

“हं. मावशी बऱ्या आहेत ना? कोणता डोळा म्हणालात?”

“डावा.”

“परवा उजवा म्हणालात.”

“उजवाच होता, सर. आता डाव्याचंही निघालंय.”

सर फोटोवर वाकले. ती मनातल्या मनात ड्रॉवरमधलं सामान पिशवीत भरू लागली.

“दवाखान्यात इतका चांगला टीपॉय,” ते शेवटी म्हणाले. “कड बारा मिलिमीटर. आतून उतार, आणि कोपऱ्यात बारीक पन्हळ, सांडलेलं वाहून जायला. तशीच्या तशी नको, पण आपणही असंच काहीतरी करू.”

नुसत्या फोटोवरून! पन्हळ तर त्यात जेमतेम दिसत होती. काय नजर आहे या माणसाची, ती मनात म्हणाली, आणि लाजही वाटली थोडी.

चार वाजेपर्यंत सुताराने कड बसवून दिली. तिने मुद्दाम अर्धा कप कॉफी काचेवर ओतली. कॉफी उतारावरून पन्हळीत गेली, पन्हळीतून खाली वाटीत पडली. फटीत एक थेंब नाही. तिचा जीव भांड्यात पडला, एकदा टीपॉयसाठी आणि एकदा स्वतःसाठी. फोटो दवाखान्याचा ठरला होता, टेबल जागेवर होतं. आज मावशीला फोन करून तिच्या दोन्ही डोळ्यांची बातमी तेवढी सांगून ठेवायची, की झालं.

तिने काच पुसली, फोन पुन्हा ठेवला. “तुमचाही ठेवा ना, सर. दोन फोन एकत्र बघू.”

“माझ्यात काय, नुसती मोजमापं,” सर खिसा दाबत म्हणाले. “उद्या बघू.”

ती हसली. दोघं नवीन कॉफी घेऊन समोरासमोर बसले. आठवडाभरानंतर पहिल्यांदा तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं होतं. एवढ्यात सरांचा फोन वाजला. बायको होती. “हो, हो, येताना आणतो,” म्हणून त्यांनी बोलणं संपवलं, एका हाताने कप उचलला आणि दुसऱ्या हाताने, कुणीही ठेवावा तसा, फोन टीपॉयवर ठेवला.

काचेखाली फोटो पसरले. त्यातला एक लगेच हलला, सरकत सरकत तिच्या फोटोला येऊन चिकटला. तोच टीपॉय, तीच निळी फुलदाणी, फक्त समोरच्या बाजूने. कडेला पिवळी टेप लावलेली, बारा मिलिमीटरच्या खुणेवर अंगठा. खाली वार होता, बुधवार. सरांचा हात फोनकडे गेला आणि मध्येच थांबला.

तिने कॉफीचा एक घोट सावकाश घेतला.

“सर,” ती म्हणाली, “तुमची दाढ उजवीकडची होती की डावीकडची?”