आत्याचा धपाटा

बारशाला सगळी खाणवस्ती लोटली, पाळणा सजला. पण बाळाच्या कानात नाव सांगायला आत्याच नव्हती. बाळाच्या आजीची, यल्लव्वाची, एकुलती लेक चार वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. पोटातलं बाळ फार मोठं होऊन अडलं. असं का झालं, कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून सून गरोदर राहिली तेव्हा यल्लव्वानं लेकीसाठी भरला होता तसाच गुळाच्या लाडवांचा डबा भरला. सरकारी दवाखान्याची आशाताई नंदा दारात येऊन म्हणाली, "अव्वा, हिला ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासायचंय. साखर बघायचीय."

यल्लव्वा कडाडली, "साखरेचं दुखणं बंगलेवाल्यांना होतं गं! आम्ही दगड फोडणारी माणसं."

"तुमच्या लेकीचं रक्त कुणी तपासलं होतं का, अव्वा?"

यल्लव्वा खाली वाकली. तिनं स्वतः सुनेच्या पायात चपला सरकवल्या.

साखर वाढलेलीच निघाली. मग नंदा खडी तुडवत येत राहिली. सुनेचं ताट बघायची, जेवणानंतर तिला चालवायची, दवाखान्यात न्यायची. लाडवांचा डबा यल्लव्वानं स्वतःच्या हातानं शेजारी देऊन टाकला.

आज पावणेतीन किलोची नात पाळण्यात लाथा झाडत होती.

यल्लव्वानं हाक मारली, "नंदे, पाहुणीसारखी दारात काय उभी? वाक पाळण्यात. हिची आत्या तू."

नंदानं ओल्या डोळ्यांनी बाळाच्या कानात नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यांत जोराचा यल्लव्वाचा होता. बाकीचे हात बाजूला झाले. तिचा मात्र नंदाच्या पाठीवरच राहिला.