वाकडा हात

नाताळच्या आदल्या संध्याकाळी इनास चर्चच्या दारातच थबकला. गेल्या वर्षी तो दारू पिऊन आला होता आणि बाळ येशूची मूर्ती देखाव्यातल्या गोठ्यात ठेवताना त्याच्या हातून पडली होती. मूर्तीचा हात कोपरापासून तुटला. तेव्हापासून तो इकडे फिरकला नव्हता. आजही त्याला लांबूनच बघून परतायचं होतं.

"आत ये रे," फादर म्हणाले. "तुझ्यासाठीच थांबलोय. बाळ तूच ठेवायचंस."

"मी? फादर, मी आत्ताही थोडी घेऊनच आलोय."

"वास येतोय मला." फादरांनी मूर्ती त्याच्या ओंजळीत दिली. चिकटवलेला हात जरा वाकडाच बसला होता.

इनासने मूर्ती छातीशी धरली. "बाळ पुन्हा पडलं तर?"

"तर पुन्हा चिकटवू," फादर हसले. "टाकून थोडंच देणार?"