पुढे सांगा
पडद्यावरच्या अंतराळवीराचा दोर तुटला आणि तो काळ्या पोकळीत गरगरत लांब जाऊ लागला, तसा रविकांतने खुर्चीचा हात घट्ट आवळला. शेजारी बसलेली त्याची बायको नंदिनी चटकन त्याच्याकडे वळली. दोन वर्षांपूर्वी रविकांत कामाला होता ती बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी बोट, वादळात बुडाली, तेव्हा तोही असाच एकटा समुद्रात तरंगत राहिला होता. तो वाचला, घरी आला, पण त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही. घरात असूनही नसल्यासारखाच असायचा.

"अहो, चला, निघू या," ती कुजबुजली. सिनेमात असलं काही असेल याची तिला कल्पनाच नव्हती.

"थांब. त्याला परत आत घेतात का, बघू दे."

प्राणवायू संपत आला, रेडिओ बंद पडला. अखेर यानातून एक हात पुढे आला आणि त्या हाताने त्याला आत खेचून घेतलं. सगळं थिएटर टाळ्या वाजवू लागलं. रविकांत मात्र हमसून हमसून रडत होता. नंदिनीने त्याला रडू दिलं.

दिवे लागले, लोक निघून गेले, तरी तो जागचा हलला नाही.

"मलाही असंच कॉलर धरून खेचलं," तो म्हणाला. "वर जहाजावरून कुणीतरी ओरडत होतं, 'सोडू नका, सोडू नका!' मला वाटलं, तूच आहेस."

झाडू घेतलेला माणूस दारात येऊन थांबला.

"दादा, जरा वेळ द्या आम्हाला," नंदिनी त्याला म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "हं, पुढे सांगा."

रविकांत सांगत राहिला.