सहा किलो

ड्रायव्हरबाईंनी चपला काढल्या आणि कोणी सांगायच्या आधीच वजनकाट्यावर चढल्या. डाव्या गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून भिंतीला हात टेकला. आकडा स्थिर झाल्यावर म्हणाल्या, "बघा डॉक्टर. सहा किलो."

फिजिओ खुर्चीतून उठूनच आला. त्याने वाकून आकडा पाहिला, मागच्या खेपेचा आकडा कॉम्प्युटरवर पाहिला आणि त्याचा चेहरा असा खुलला की वजन जणू त्याचंच उतरलं होतं.

"वा! दोन महिन्यांत सहा किलो! याला म्हणतात मनावर घेणं." त्याने दार उघडून बाहेरच्या रिसेप्शनिस्टला हाक मारली. "अगं, इकडे ये. लोक मला सांगतात, वेळ नाही, जमत नाही, अमुक नाही, तमुक नाही. या ताई दिवसभर बस चालवतात आणि तरी सहा किलो!"

रिसेप्शनिस्टने दारातूनच टाळ्या वाजवल्या. बाई ओशाळून हसल्या.

"बस नाही चालवत सध्या," त्या म्हणाल्या. "क्लच दाबता येत नाही ना. तिकीट खिडकीवर बसवलंय. महिनाअखेरपर्यंत पाय बरा झाला नाही, तर माझी गाडी दुसऱ्याला देणार आहेत. कायमची."

"होईल, होईल. अर्धी लढाई जिंकलीत तुम्ही."

माणूस वाईट नव्हता. पाच वर्षांपूर्वी तो स्वतः इतका जाड होता की मित्र त्याला 'गोदाम' म्हणायचे. तेव्हा त्याचेही गुडघे दुखायचे. त्याने हट्टाने वजन उतरवलं, गुडघे दुखायचे थांबले आणि जगातल्या समस्त गुडघ्यांचं औषध त्याला सापडलं. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात, ते त्याने फारच मनापासून ओळखलं. बारीक माणूस लंगडत आला की तो त्याला टेबलावर झोपवून तपासायचा. जाड माणूस लंगडत आला की काट्यावर उभा करायचा. यात काही चुकतंय असं त्याला कधी वाटलं नाही, कारण त्याचे स्वतःचे दोन्ही गुडघे साक्षीला होते.

"आता बराच फरक असेल," खुर्चीत बसत तो म्हणाला.

"नाही."

"थोडा तरी?"

"काहीच नाही. बसमधून उतरताना पाय पिरगळला, तेव्हापासून गुडघा अडकतो. सरळच होत नाही."

"अजून चार-पाच किलो उतरू द्या, मग बघा कसा..."

"डॉक्टर," बाईंनी त्याला मध्येच थांबवलं. आवाज चढला नव्हता. दारात लटकणाऱ्या प्रवाशांना आत सरका म्हणून सांगावं, तसा होता. "पाय पिरगळायच्या आदल्या दिवशीही माझं वजन आजच्यापेक्षा सहा किलो जास्तच होतं. आणि गुडघा ठणठणीत होता. मागच्या खेपेला तुम्ही म्हणालात, आधी वजन कमी करा, मग बघू. केलं. आता गुडघा बघता का?"

फिजिओ पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. मागच्या खेपेला आपण या गुडघ्याला हात लावला होता का, हे तो आठवू लागला. आहाराचा तक्ता दिलेला आठवला. रोज पाऊण तास चाला असं सांगितलेलं आठवलं. हात लावल्याचं काही केल्या आठवेना.

"टेबलावर या," तो हळूच म्हणाला.

त्याने दोन्ही टाचा एकदम उचलून धरल्या. उजवा गुडघा सरळ झाला. डावा वाकलेलाच राहिला. त्याने वरून अलगद दाब दिला, तर उंबऱ्याशी खडा अडकलेल्या दारासारखा तो जिथल्या तिथे थांबला. गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा टेकवताच बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. मग त्याने गुडघा दुमडला, पाऊल बाहेर वळवलं आणि पाय सावकाश उलगडत आणला. तळहाताखाली काहीतरी कट्कन सरकलं.

"हे पहिल्यापासून असंच आहे?"

"पहिल्या दिवसापासून. मागच्या खेपेलाही सांगितलं होतं की मी."

सांगितलं होतं. 'अडकतो' असंच म्हणाल्या होत्या आणि त्याने 'दुखतो' असं ऐकलं होतं, कारण जाड माणसांचे गुडघे दुखतात. त्याचे कान तापले. इतकी लाज त्याला गोदाम असतानाही कधी वाटली नव्हती.

"आतली गादी फाटलीय," तो म्हणाला. "तिचा तुकडा सांध्यात अडकतोय. एमआरआय करावा लागेल, बहुतेक ऑपरेशनही. सर्जनना मी आत्ताच फोन करतो. आणि चालायला जाणं बंद करा."

"रोज जात होते. एक दिवस चुकवला नाही."

"मीच सांगितलं होतं. माझं चुकलं, ताई."

बाईंनी मान हलवली. टेबलावरून पाय खाली सोडत त्यांनी विचारलं, "मग गाडी? महिनाअखेरीला?"

"या महिन्यात नाही जमणार. तेव्हाच सर्जनकडे पाठवलं असतं, तर कदाचित..."

बाईंनी चपला घातल्या. डावी घालताना त्याने आधाराला पुढे केलेला हात नाकारला नाही.

"म्हणजे हे वजनामुळे नव्हतंच?"

"नव्हतं."

त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"मग आता रात्रीचं जेवायला लागू का?"