रिपोर्ट सांगताना

"रिपोर्ट आला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आईवडिलांसारखंच बाळालाही ऐकू येणार नाही. सांगा दोघांना."

प्रमिलाबाईंनी आपल्या मुलाला, परागला, आणि सुनेला खुणांनी सांगितलं. दोघं एकमेकांकडे बघून हसली. सुनेने पर्समधून पेढ्यांचा पुडा काढून डॉक्टरबाईंपुढे धरला.

"काकू, नीट सांगितलंत ना?"

"तीस वर्षं हेच करतेय, मॅडम."

"मग हेही सांगा. गर्भ ठेवायचा की नाही, ते अजून ठरवता येईल."

खुणा सोप्या होत्या, पण प्रमिलाबाईंना वेळ लागला. परागने त्यांना खुणेने विचारलं, "माझ्या वेळी ही तपासणी असती तर?"

"काय म्हणतोय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"थांबा. मला विचारतोय."

खोटं सांगावं असं प्रमिलाबाईंना वाटलं. पण खुणा वाचताना पराग चेहराही वाचायचा, आणि चेहऱ्याने खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"तर तुला ठेवलं नसतं," त्यांनी हातांनी सांगितलं.

परागने मान डोलावली.

"नव्हती ते बरं झालं," त्याने हातांनीच उत्तर दिलं. "आता पुढच्या सोनोग्राफीची तारीख विचार."

प्रमिलाबाईंनी विचारली.