मागच्या खोलीतली खुर्ची

“परत तेच!” मयुरीने स्टिअरिंगवर थाप मारली. स्क्रीनवरची गाडी गवतात जाऊन उलट तोंडाने उभी होती. उजव्या वळणावर गाडीचा भार डावीकडच्या मागच्या चाकावर येतो आणि तिथे सीटने झपकन खाली बसायला हवं. काल बसत होती. आज अर्ध्यातच अडत होती, तेही मऊ मऊ, कोणीतरी खाली उशी सरकवल्यासारखं.

संध्याकाळी सहाच्या आत ऑनलाइन निवड स्पर्धेला तिचा सगळ्यात वेगवान लॅप, ट्रॅकची एक पूर्ण फेरी, पाठवायचा होता. फेरीची वेळ जमली, तर कोईमतूरच्या ट्रॅकवर खरीखुरी रेसची गाडी चालवायला मिळणार होती. नाही जमली, तर जळगावातली ही मागची खोली होतीच. एका बाजूला गहू भरलेली पत्र्याची कोठी, दुसऱ्या बाजूला हा लोखंडी सांगाडा. वर सीट, समोर स्क्रीन, खाली सीट हलवणाऱ्या चार विजेच्या मोटारी. त्या मोटारी वडिलांनी, वनाभाऊंनी, आपल्या वाइंडिंगच्या दुकानात हाताने बांधलेल्या. स्क्रीनवर चाक घसरलं की सीट हलायची आणि मयुरीच्या कंबरेला ते डोळ्यांच्या आधी कळायचं. गाडीची स्प्रिंग जरा नरम केली, तरी ती डोळे मिटून सांगायची.

बरं, वेळ जमली तरी पुढे आई, सुनंदाबाई, होत्याच. पारोळ्याजवळ वनाभाऊंची गाडी उलटली, पायात रॉड घालावा लागला, तेव्हापासून या घराच्या दारात चाक म्हणून आलं नव्हतं. मयुरी कॉलेजला रिक्षाने गेली. साधी स्कूटी मागितली, तर सुनंदाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. या यंत्राला त्या ‘खुर्ची’ म्हणायच्या. “जागच्या जागी हलते ना? हलू दे बापडी.” आणि कोईमतूरचं नाव निघालं की त्यांना नेमकी भांडी घासायची आठवण व्हायची.

मयुरीने स्क्रीनवरच्या गाडीची मागची स्प्रिंग नरम केली. गाडी आणखी लोळायला लागली. कडक केली, तर वळणावर शेपूट फेकायला लागली. टायरमधली हवा कमी केली, वाढवली. स्क्रीनवरचे आकडे ओरडून सांगत होते, की गाडीला काही झालेलं नाही. कंबर म्हणत होती, झालंय. मयुरीने कंबरेचं ऐकलं आणि परत गवतात गेली.

“झालं का गं?” दारात सुनंदाबाई. हातात झेंडूची पाटी.

“नाही! आई, तू सारखी सारखी येऊ नकोस ना!”

आज दसरा. सकाळपासून त्यांनी घरभर पूजा मांडली होती. वनाभाऊंच्या वाइंडिंग मशीनला हार, शिलाई मशीनला हार, विळीला कुंकू, इतकंच काय, मिक्सरलाही एक फूल. मयुरीच्या सांगाड्याला मात्र पाकळीसुद्धा नाही. तिने ते सकाळीच पाहिलं होतं आणि ते मनाला लागलं होतं. मिक्सरपेक्षाही गेलेली का मी?

वनाभाऊ लंगडत आले. वाकून मोटारींच्या वायरी एकेक हलवून पाहिल्या. “बठ्ठं बराबर शे, माय,” ते म्हणाले. “मोटारीत काही खोट नाही.”

“मग माझ्यातच खोट आहे!” मयुरीला रडू यायला लागलं. ज्या कंबरेच्या भरवशावर खऱ्या गाडीत बसायची स्वप्नं पाहिली, तीच ऐन वेळी खोटं बोलत होती. सहा वाजायला थोडाच वेळ उरला होता.

“झालं का?” सुनंदाबाई पुन्हा दारात. या वेळी त्या आत डोकावून खाली सांगाड्याकडे बघत होत्या.

मयुरीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. “आई, याला कोणी हात लावला होता?”

“मी कशाला हात लावू तुझ्या खुर्चीला?” सुनंदाबाई फणकारल्या. पण त्या तिथून हलल्या नाहीत.

मयुरीने बटण दाबून सीट पूर्ण वर उचलली आणि मोबाईलचा उजेड पाडत जमिनीवर आडवी झाली. डावीकडे मागे, सीटच्या आणि खालच्या पट्टीच्या मधल्या फटीत, एक लिंबू बसलं होतं. दबून चपटं झालेलं, पण न फुटलेलं. बाजूच्या लोखंडावर, सहज कोणाला दिसणार नाही अशा जागी, कुंकवाचं स्वस्तिक. त्याला चिकटलेल्या चार अक्षता.

दिवसभर ती धडधाकट गाडी दुरुस्त करत होती. तिचा संताप उसळला. लिंबू मुठीत धरून ती उठली. “आई! हात लावला नाही म्हणालीस ना?”

“खुर्चीला नाहीच लावला,” सुनंदाबाई म्हणाल्या. पाटीतली फुलं त्या उगाचच वरखाली करत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. “गाडीची पूजा केली. सकाळपासून विचारतेय, झालं का, झालं का. लिंबू फुटल्याशिवाय गाडी घराबाहेर कशी काढू देऊ?”