मागच्या सीटवरून

चोइथराम चौराहा मागे पडला तरी मालोजीने विषय काढला नव्हता. स्कूटरच्या मागच्या सीटवर तो एकदा डावीकडे कलत होता, एकदा उजवीकडे, आणि पुढे चिंतामण हँडल सावरत होता.

"सीधा बैठ ना भिया," चिंतामण म्हणाला. "मुंग्या चावतायत का?"

"तू समोर बघ. ती ॲक्टिव्हावाली वळतेय डावीकडे. हात नाही, इंडिकेटर नाही, मनात आलं की वळली! अन् उजवीकडून बस घुसतेय, जाऊ दे तिला."

चिंतामणने बसला जाऊ दिलं.

एम.एस्सी.ला होते तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघं युनिव्हर्सिटीच्या गेटसमोर पोहे खायचे. आता राजेंद्र नगरहून यायचे, इतकंच. गाड्या बदलल्या, बसायच्या जागा बदलल्या नाहीत. मालोजीला गाडी येतच नव्हती. शिकायच्या वयात चिंतामण होता, आणि पुढे चिंतामण होताच. मागे बसून अख्ख्या रस्त्याला नावं ठेवणं हे त्याचं काम, आणि ते तो इमानेइतबारे करत आला होता.

काल संध्याकाळी चिंतामणच्या बायकोचा, इंदिरावहिनींचा, फोन आला होता. "भावजी, काचबिंदू आहे त्यांना. बाजूचं दिसणं गेलंय. गेलेलं परत येत नाही म्हणाले डॉक्टर. आमचं कोणाचंच ऐकत नाहीत. चाबी ठेवून दे, म्हणून तुम्ही सांगा. तुमचंच ऐकतील."

मालोजी हो म्हणाला होता. फोनवर हो म्हणायला काय जातं! पण सांगायचं म्हणजे रविवारच बंद करायचा. तो घरी बसणार, आणि आपणही बसणार. आपल्याला आता कोण नेणार, हाच विचार त्याच्या मनात आधी आला. त्याची त्याला लाज वाटली, पण आला खरा.

आयटी पार्कच्या सिग्नलला त्याने "लाल आहे, थांब" म्हटलं, मग "चल, झालं हिरवं" म्हटलं. आता सांगून टाकायचं. पोह्यांच्या आधी की नंतर? आधी सांगितलं तर घास घशाखाली उतरायचा नाही, आणि नंतर सांगावं तर परत त्याच गाडीवर बसायचं. नाहीच, आत्ताच. तो शब्द जुळवू लागला.

स्कूटरचा वेग कमी झाला. चिंतामणने ती हळूहळू कडेला घेतली आणि पाय टेकवले.

"काय झालं? पेट्रोल?"

"तू चुप झाला."

"मग?"

"मग काय मग! तुझ्या बोलण्यावर तर चालवतोय मी. दिवाळीपासून." चिंतामण मागे वळला नाही. "तू म्हणतो बस आली, मी जाऊ देतो. तू म्हणतो लाल आहे, मी थांबतो. एकटा असलो तर गल्लीतून पण नाही काढत गाडी."

इतके महिने तो आपला रस्त्यावर वैतागत होता, आणि तेवढ्यावर दोन जीव चालले होते. तो कसाबसा उतरला.

"पागल आहे का तू? मेलो असतो दोघं!"

"मेलो नाही ना."

"चाबी दे."

चिंतामणने चाबी काढून त्याच्या हातावर ठेवली. शिवी नाही, हुज्जत नाही. त्याने भांडायला हवं होतं. एम.एस्सी.च्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावरून सबंध डिपार्टमेंटशी भांडणारा माणूस, त्याने अशी मुकाट्याने चाबी द्यावी हे मालोजीला सहन होईना.

"आता?" चिंतामणने विचारलं.

"आता ढकलायची. चल लवकर, पोहे संपतात."

मालोजीने हँडल धरलं. चिंतामण त्याच्या खांद्यावर हात ठेवून मागे चालू लागला. थोडं पुढे गेल्यावर कोचिंगच्या मुलींचा एक घोळका त्यांच्याकडे बघून हसत गेला, आणि चिंतामणने झटकन हात काढून घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "चालता येतं मला."

मालोजी गाडी ढकलत राहिला. मागे चिंतामणच्या चपला रस्त्यावर चाचपडत घासत होत्या. ते ऐकत तो चार पावलं गेला, मग त्याच्याने राहवेना.

"चिंतामण, पुढे मोठा खड्डा आहे. धर मला."

हात खांद्यावर परत आला. रस्ता पार युनिव्हर्सिटीच्या गेटपर्यंत सपाट होता.